टीओएफ असलेल्या मुलाच्या मेंदूत पू: आधी मेंदू की आधी हृदय?

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडते. पुतण्या सात वर्षांचा, जन्मापासून टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणजे टीओएफ (हृदयाचा जन्मजात दोष, ज्यात अशुद्ध रक्त शरीरात मिसळून मूल निळसर दिसतं), 'जरा वजन वाढू दे मग बघू' करत करत ऑपरेशन राहून गेलं. दोन आठवडे डोकं दुखतंय म्हणत होता, सकाळी उठला की उलटी, ताप नाही, म्हणून पित्ताची औषधं झाली, चष्म्याचा नंबर बघून झाला. परवा डाव्या हाताला झटके सुरू झाले आणि मग सगळं अंगच आखडलं. सीटीमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, पुढच्या भागात, साडेतीन सेंटीमीटरची पुवाची गाठ निघाली. न्यूरोसर्जन म्हणतायत कवटीला छोटं भोक पाडून पू काढूया, घरातली मोठी माणसं म्हणतायत आधी हृदय दुरुस्त करा, निळं पोरगं भूल कशी सहन करणार. आणि तुम्ही विचारताय की हृदयाच्या पेशंटला मेंदूत पू झालाच कसा, आधी काय करायचं, परत होईल का, आणि त्याच्या दीड वर्षाच्या बहिणीलाही धोका आहे का.

सगळ्यात आधी उत्तर देऊन टाकते कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. पू आधी. आणि तो शक्य तितक्या लवकर, म्हणजे हॉस्पिटलची तयारी झाली की लगेच. हृदय नंतर, पण हे 'नंतर' म्हणजे काही आठवडे किंवा दोन-तीन महिने, पुढच्या दिवाळीनंतर वगैरे नाही. घरच्यांची भुलीबद्दलची भीती खरी आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, पण त्या भीतीपायी पू तसाच ठेवणं हा जास्त मोठा धोका आहे.

मी लहान मुलांच्या हृदयरोगाचं काम करते, न्यूरोसर्जन नाही, आणि मी मुलाला पाहिलेलं नाही. किती घाई करायची हे तीन-चार गोष्टींवर ठरतं: मूल पूर्ण शुद्धीवर आहे की गुंगीत, गाठ मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांपासून किती लांब आहे, मेंदूवर सूज किती आहे आणि गाठीला कवच धरलंय का. पोकळीच्या अगदी शेजारी असलेली गाठ आत फुटली तर मूल हाताबाहेर जाऊ शकतं, तिथे तासांचा हिशोब असतो. वरच्या भागातली, कवच धरलेली गाठ आणि शुद्धीवर असलेलं मूल, तर चार-सहा तास नीट तयारी करायला मिळतात आणि ते वापरावेत. हे एमआरआय बघूनच कळेल, मी इथून सांगू शकत नाही.

आता पू झालाच कसा. घरच्यांना हे पटलं तर पुढचे निर्णय सोपे जातील म्हणून जरा वेळ घेते. आपल्या सगळ्यांच्याच रक्तात रोज थोडेफार जंतू शिरतात, दात घासताना हिरडीतून, कडक काही चावताना, कान वाहत असेल तर तिथून. शरीरातून परत आलेलं रक्त उजव्या बाजूने फुप्फुसात जातं आणि फुप्फुसाचं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं चहाच्या गाळणीसारखं काम करतं, जंतू आणि बारीक गुठळ्या तिथे अडकतात आणि तिथल्या पेशी त्यांचा निकाल लावतात. टीओएफमध्ये फुप्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद असतो आणि दोन खालच्या कप्प्यांमध्ये मोठं छिद्र असतं, त्यामुळे बरंचसं अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता थेट महाधमनीत घुसतं. न गाळलेलं रक्त. आणि हृदयातून निघालेल्या रक्ताचा मोठा वाटा सरळ मेंदूकडेच जातो.

पण एवढ्यानेच पू होत नाही, नाहीतर प्रत्येक निळ्या मुलाला झाला असता. दुसरी गोष्ट म्हणजे ऑक्सिजन कमी म्हणून शरीर लाल पेशी वाढवत बसतं, हिमोग्लोबिन १८-२० पर्यंत जातं, रक्त दाट होतं, मेंदूच्या बारीक वाहिन्यांमधून ते हळू सरकतं आणि कुठेतरी डाळीएवढ्या, कधी त्याहून लहान भागाला रक्तच पुरत नाही. तो भाग अर्धमेला होतो. नेमका असा भाग जंतूला मिळाला की तो तिथे ठाण मांडतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस तिथे नुसती जळजळ आणि सूज असते, मग मधला भाग विरघळून पू होतो आणि साधारण दोन आठवड्यांत भोवती कवच तयार होतं. तुमच्या पुतण्याची डोकेदुखी दोन आठवड्यांची आहे म्हणता, ते या हिशोबात बसतं.

म्हणजे हे दोन वेगळे आजार नाहीत. मेंदूतला पू हा त्या हृदयाचाच पुढचा परिणाम आहे. म्हणून घरच्यांचं 'आधी हृदय' हे चुकीच्या दिशेचं नाही, क्रम तेवढा चुकतोय.

ताप नव्हता म्हणून कुणाला दोष देत बसू नका, पण ही गोष्ट टीओएफच्या मुलांच्या प्रत्येक घराला माहीत हवी. पुस्तकात लिहिलेलं असतं ताप, डोकेदुखी आणि एका बाजूचा अशक्तपणा. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र असलेलं मूल क्वचित येतं. कितीतरी मुलांना ताप नसतोच, किंवा सुरुवातीला दोन दिवस येऊन गेलेला असतो आणि घरी कुणाला आठवतही नाही. रक्ताचे रिपोर्टही फसवतात. पांढऱ्या पेशी नॉर्मल येऊ शकतात. ईएसआर, म्हणजे लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ती इन्फेक्शनसाठी बघतात ती तपासणी, तर या मुलांमध्ये बघूच नये असं माझं मत आहे, कारण रक्त दाट असलं की तो मुळातच कमी येतो, १ किंवा २ येतो, आणि लोक म्हणतात इन्फेक्शन नाही. ब्लड कल्चरमध्येही, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, बऱ्याचदा काही उगवत नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की ऑपरेशन न झालेलं निळं मूल, वय दोनच्या पुढे, आणि नवीन सुरू झालेली डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, आकडी, चालण्यात किंवा वागण्यात फरक, यातलं काहीही असलं तर तो मेंदूतला पूच आहे असं धरून स्कॅन करायचा. नसला निघाला तर आनंदच आहे. रक्त फार दाट झाल्यानेही डोकं दुखतं, तेही एक कारण असतं, पण ते स्कॅन झाल्यावर म्हणायचं.

घरी बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. मुलाला समोर उभं करा, दोन्ही हात पुढे सरळ करायला सांगा, तळवे वर, जसे प्रसाद घ्यायला धरतो तसे, आणि डोळे मिटायला सांगा. दहा-पंधरा सेकंद थांबा. एक हात हळूहळू खाली येत तळवा आतल्या बाजूला वळत असेल तर त्या हाताची ताकद कमी झालीये, मुलाला स्वतःला ते कळतही नाही. शर्टाची बटणं लावायला अचानक वेळ लागणं, एका पायातली चप्पल सारखी निसटणं, ही तशीच लक्षणं. उजव्या मेंदूची गाठ डाव्या हाताला दाखवते, तुमच्याकडे झटके डाव्या हातापासूनच सुरू झाले ते म्हणून.

एक महत्त्वाची सूचना, कुणी पाठीतलं पाणी काढून तपासूया म्हणालं तर आधी न्यूरोसर्जनशी बोलून घ्या. मेंदूज्वर समजून ती तपासणी सुचवली जाते, पण डोक्यात एवढी मोठी गाठ आणि सूज असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून श्वासाच्या केंद्रावर दाब येऊ शकतो, आणि त्या पाण्यातून पुवाबद्दल फारसं कळतही नाही. सीटी झालेला आहे त्यामुळे बहुतेक कुणी म्हणणार नाही, तरी लिहून ठेवते.

दुसरं, रिपोर्टमध्ये कडी दिसतेय असं लिहिलेलं असेल, म्हणजे कडेने रंग घेतलेली गोल गाठ. आपल्याकडे अशी गाठ दिसली की टीबी किंवा फीतकृमीच्या अळीची गाठ हे आधी मनात येतं कारण ते आपल्याकडे खूप दिसतं. नॉर्मल हृदयाच्या मुलात तो विचार बरोबरच आहे. पण निळ्या मुलात पहिला नंबर पुवाचा. एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाचा भाग असतो, त्यात दाट पू पांढराशुभ्र चमकतो आणि बराचसा उलगडा होतो. नुसत्या सीटीवर टीबीची औषधं सुरू करून घरी पाठवत असतील तर थांबा आणि विचारा. काढलेल्या पुवाची टीबीसाठी तपासणी करता येतेच, जीनएक्सपर्ट सांगा म्हणावं.

आता पू काढणं. साडेतीन सेंटीमीटर म्हणजे नुसत्या औषधांवर सोडायच्या मापाच्या पुढची गाठ आहे. साधारण दोन-अडीच सेंटीमीटरच्या आतली, किंवा अजून पू न झालेली नुसती सूज असेल, किंवा लहान लहान बऱ्याच गाठी असतील तर कधी कधी फक्त इंजेक्शनवर बघतात. यात नाही. पूर्वी कवटी उघडून कवचासकट गाठ काढायचे, हल्ली बहुतेक वेळा एक बारीक भोक, सुई आत, आणि पू ओढून घेणं. आमच्या मुलांसाठी हेच बरं, कारण वेळ कमी, रक्तस्राव कमी, भूल कमी. शहाण्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मोठ्या मुलांमध्ये कधी हलक्या गुंगीत आणि त्या जागेपुरत्या भुलीवरही होतं, सात वर्षांच्या मुलात ते त्याच्या स्वभावावर आणि भूलतज्ज्ञांवर आहे. सिरिंजमध्ये येतो तो पिवळा-हिरवट दाट पू, कधी इतका घाण वास येतो की ऑपरेशन थिएटरच्या दारात कळतं, तो वास म्हणजे हवेशिवाय वाढणारे जंतू. तो पू सिरिंजमधली हवा काढून, टोपण लावून तसाच लॅबला लगेच गेला पाहिजे, नाहीतर तेच जंतू वाटेत मरतात आणि कल्चर रिकामं येतं. काही दिवसांनी परत भरला तर पुन्हा एकदा ओढावा लागू शकतो, त्याला ऑपरेशन फसलं असं समजू नका.

भुलीबद्दल. टीओएफच्या मुलाला भूल देताना शरीराच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, आणि मग छिद्रातून अशुद्ध रक्त आणखी जास्त पलीकडे जातं, मूल एकदम काळंनिळं होतं. हे टाळता येतं, पण त्याची सवय असलेला भूलतज्ज्ञ लागतो. म्हणून न्यूरोसर्जरी आणि लहान मुलांचं हृदय हे दोन्ही विभाग एका छताखाली असलेलं हॉस्पिटल असेल तर फार उत्तम. जिथे आहात तिथे नसेल आणि मूल स्थिर असेल तर हलवण्याबद्दल आजच विचारा, गुंगीत असेल तर हलवण्यातच वेळ घालवू नका, तिथल्या डॉक्टरांचं ऐका.

काही गोष्टी मात्र तुम्ही स्वतः लक्ष ठेवून विचारू शकता, आणि विचारा, कुणाला राग येत नाही. एक, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर तेवढा वेळ सलाईन चालू हवं. दाट रक्ताचं मूल आठ तास कोरडं ठेवलं की रक्त आणखी दाट. दोन, सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा नको. इतर मुलांमध्ये बारीक बुडबुडा फुप्फुसात अडकून विरून जातो, या मुलात तो थेट मेंदूत जाऊ शकतो. मी वॉर्डात राउंडला नळी उजेडात धरून बघते आणि नर्सिंगच्या मुलींनाही तसंच बघायला शिकवते, प्रत्येक इंजेक्शनच्या आधी सिरिंज उभी धरून टिचकी मारून हवा बाहेर. नळीला फिल्टर मिळत असेल तर लावायला सांगा. तीन, त्याचं नेहमीचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, किती असतं ते केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा. ७८ हे त्याच्यासाठी रोजचं असेल तर नवीन आलेला रेसिडेंट घाबरून ९५ च्या मागे लागणार नाही, आणि ७८ चं ६० झालं तर लगेच लक्षात येईल. चार, प्रोप्रॅनोलॉल (एकदम काळंनिळं होणं टाळायचं औषध) चालू असेल तर ते अचानक बंद होऊ देऊ नका, आणि उपाशी असताना साखर तपासत राहायला सांगा.

आणखी एक बारीक पण अडकवणारी गोष्ट. ऑपरेशनच्या आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात, पीटी आणि एपीटीटी, आणि या मुलांचा रिपोर्ट खूप वाढलेला येतो, मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं. बऱ्याचदा तो खोटा असतो. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं औषध नॉर्मल रक्ताच्या हिशोबाने भरलेलं असतं, दाट रक्तात पातळ भाग कमी, त्यामुळे औषधाचं प्रमाण जास्त पडतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा शंभरात किती, ५५ च्या वर असेल तर लॅबला सांगून ट्यूबमधलं औषध कमी करून परत तपासायचं असतं. खरंच दोष असेल तर तोही कळेल, पण आधी हे विचारा.

आकडीचं औषध सुरू झालंच असेल, बहुतेक लेव्हेटिरासिटाम, ते पू गेल्यावरही बरेच महिने चालू राहतं, मनाने बंद करू नका. टीओएफच्या काही मुलांमध्ये २२ नंबरच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गायब असतो आणि त्यांना कॅल्शियम कमी होऊनही आकडी येते, त्यामुळे कॅल्शियम तपासलंय ना एवढं बघा. सूज कमी करायचं स्टिरॉइड सगळ्यांना देत नाहीत, सूज जीवघेणी असेल तरच, आणि तेही थोडे दिवस.

मग अँटिबायोटिक. कल्चर येईपर्यंत साधारण सेफट्रायक्झोन आणि मेट्रोनिडॅझोल ही जोडी, गरज वाटली तर व्हॅन्कोमायसिन. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस आणि हवेशिवाय वाढणारे जंतू हे यातले नेहमीचे पाहुणे, म्हणून ही निवड. कल्चर आलं की त्याप्रमाणे बदलतात. पण मनाची तयारी करा, शिरेतून औषध चार ते सहा आठवडे, कधी आठ. दहा दिवसांत मूल हसायला खेळायला लागतं, डोकेदुखी जाते, आणि तिथेच घरचे डिस्चार्ज मागतात. नका मागू. सगळ्यात जास्त जीव तोडून मी पालकांना हेच सांगते. कवचाच्या आत औषध कमी पोचतं, अर्धवट सोडलं की तीच गाठ परत भरते. हाताच्या शिरा संपतात, त्यासाठी लांब नळी टाकून घेता येते, म्हणजे रोज टोचावं लागत नाही. पोटात उजवीकडे दुखलं तर सांगा, सेफट्रायक्झोनने पित्ताशयात गाळ साचतो कधी कधी, औषध थांबलं की तो जातो. मेट्रोनिडॅझोल लांबलं आणि पायाला मुंग्या यायला लागल्या किंवा तोल जायला लागला तरी सांगा. स्कॅन परत परत होतील. पू गेल्यावरही कडी दोन-तीन महिने दिसत राहू शकते, गाठ लहान होतेय आणि मूल बरं आहे हे महत्त्वाचं, कडीकडे बघून झोप उडवू नका.

आता घरच्यांचा मुख्य मुद्दा, हृदय. आधी का नाही? हृदय उघडून दुरुस्त करताना हार्ट-लंग मशीनवर घ्यावं लागतं आणि त्यासाठी रक्त अजिबात गोठू नये म्हणून हेपॅरिन भरपूर द्यावं लागतं. मेंदूत ताजी, सुजलेली, नाजूक भिंतीची गाठ असताना ते दिलं तर तिथे रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय छिद्र बुजवायला पॅच लावतात, शरीरात जिवंत इन्फेक्शन असताना पॅच लावला तर जंतू त्यावर बसतात आणि ते काढणं महाकठीण. म्हणून अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स, त्यानंतर स्कॅन साफ किंवा जवळपास साफ, आणि मग ऑपरेशन. नेमके किती आठवडे यावर वेगवेगळ्या सेंटरचं मत वेगळं आहे, मुलाच्या स्पेल किती येतात यावरही आहे. स्पेल म्हणजे रडता रडता एकदम काळंनिळं होऊन जोरजोरात श्वास घेणं आणि मग मलूल होणं. तसं झालं तर गुडघे छातीशी दुमडून धरा आणि दवाखाना गाठा. हे वारंवार होत असेल आणि थांबणं शक्य नसेल तर मधला मार्ग म्हणून शंट (फुप्फुसाकडे जास्त रक्त नेणारी जोडवाट) किंवा स्टेंट (अरुंद रस्ता उघडा ठेवणारी जाळीची नळी) टाकतात, तेवढ्याने ऑक्सिजन वाढतो आणि वेळ मिळतो. पण शंटने छिद्र बुजत नाही, अशुद्ध रक्त मेंदूकडे जाणं चालूच राहतं, त्यामुळे 'शंट झाला, सुटलो' असं नाही.

इथे थोडं स्पष्ट बोलते. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर हेलन टाउसिग, सर्जन ब्लेलॉक आणि त्यांचे सहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी पहिला शंट केला तो २९ नोव्हेंबर १९४४ ला. टीओएफ पूर्ण दुरुस्त करायचं पहिलं ऑपरेशन १९५४ मध्ये मिनेसोटात सर्जन लिलेहाय यांनी केलं. म्हणजे हे नवीन, प्रयोगाच्या पातळीवरचं काही नाही. आज बहुतेक मुलांचं हे ऑपरेशन पहिल्या वर्षभरात, बऱ्याचदा सहा महिन्यांच्या आसपास होतं. 'वजन वाढू दे' हा सल्ला आजही खेडोपाडी दिला जातो आणि पालक तो मनापासून पाळतात, पण निळ्या मुलाचं वजन ऑपरेशनशिवाय नीट वाढतच नाही आणि दोन वर्षांनंतरचं प्रत्येक वर्ष या पुवाचा धोका घेऊन येतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं थांबलेलं मूल असेल तर या महिन्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) करून कार्डिअ‍ॅक सर्जनला दाखवा.

खर्चाचं विचारलं नाहीत पण बहुतेकांचा अडसर तोच असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून, त्यात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करणारी टीम येते, जन्मजात हृदयविकार त्यांच्या यादीत आहे. त्या टीमच्या डॉक्टरांना गाठा किंवा थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, मुलाचं आधार, जुने इको रिपोर्ट, सगळं एका पिशवीत घेऊन बसा, मेंदूच्या आणि हृदयाच्या उपचारांची मंजुरी वेगवेगळी घ्यावी लागू शकते, त्यामुळे अ‍ॅडमिट असतानाच हृदयाचे कागद हलवायला लागा.

परत होईल का? छिद्र आणि निळेपणा आहे तोवर होऊ शकतो. पूर्ण दुरुस्ती झाली आणि काही उरलंसुरलं नाही तर धोका खूपच कमी होतो. मधल्या काळात सगळ्यात मोठं काम दातांचं आहे. या मुलांचे दात आधीच कमकुवत असतात, त्यात गोड सिरप, रात्री बाटली, आणि 'हृदयाचा पेशंट आहे' म्हणून दाताचे डॉक्टर हात लावायला कचरतात. किडलेली दाढ तशीच राहते आणि जंतूंना कायमचा दरवाजा मिळतो. हा पू बरा होत असताना, अ‍ॅडमिट असतानाच, दातांच्या डॉक्टरांना बोलवून तोंड तपासून घ्या, हृदयाच्या ऑपरेशनआधी ते लागणारच आहे. हिरडीतून रक्त येईल असं काहीही करायचं असेल, दात काढणं, सफाई, तर अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिनचा एक डोस, किलोला ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध. दुधाचा दात आपोआप पडला तर काही लागत नाही. कान वाहत असेल तर त्यात तेल सोडू नका, दाखवा. आणि ब्रश दिवसातून दोनदा, मोठ्या माणसाने स्वतः उभं राहून.

पुढे कसं होईल हेही मनात असणार. सीटी यायच्या आधीच्या काळात या आजारात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण फार मोठं होतं, आता लवकर सापडलं तर बहुतेक मुलं वाचतात. शुद्धीवर असताना उपचार सुरू झाले हे तुमच्या बाजूचं आहे. डाव्या हातात कमजोरी राहिली तर फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून सुरू करा, लहान मेंदू खूप भरून काढतो. आकडीची प्रवृत्ती काहींमध्ये राहते, त्यासाठी औषध आहे. परत आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही नको, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ नको, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल.

दोन वर्षांच्या आतल्या निळ्या बाळांच्या आईवडिलांसाठी एक ओळ जास्त लिहिते. या वयात पू फार कमी होतो, पण मेंदूत रक्ताची गुठळी होऊ शकते, विशेषतः जुलाब-उलट्यांमध्ये पाणी कमी झालं की, आणि लोह कमी असेल तर आणखी. गंमत म्हणजे हिमोग्लोबिन १३ बघून सगळे खूश होतात, पण सॅच्युरेशन ७५ असलेल्या बाळाला १३ म्हणजे कमी आहे. लोह तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. आणि जुलाब लागले की ओआरएस लगेच सुरू, सकाळची वाट बघू नका.

राहिली धाकटी बहीण. पू संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवली तरी तिला होणार नाही. भावाला जन्मजात हृदयविकार असेल तर भावंडांना असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, तरीही शंभरात दोन-तीनच. तिची एकदा इको करून घ्या, नॉर्मल आली तर विषय संपला, तिच्या मेंदूचा स्कॅन करायची काही गरज नाही. एमआरआय झाला की गाठ पोकळीपासून किती अंतरावर आहे आणि एकच आहे की अजून आहेत एवढं रिपोर्टमधून बघून लिहा, आणि त्याचं हिमॅटोक्रिटही, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.